हमीपत्राविषयी धाकटीस

सातारा, रविवार



तुझे पत्र गुरुवारी पावले आणि त्यात घडी घालून ठेवलेली ती हमीपत्राची नक्कलही. पत्र वाचून मन व्याकूळ झाले, हे मी लपवीत नाही. परंतु नक्कल वाचून जो संताप आला तो त्या व्याकूळतेलाही मागे सारून पुढे गेला, आणि संतापाच्या भरात लिहिलेला कागद त्याच दिवशी कचेरीबाहेर जाऊ द्यायचा नाही ही नाझराच्या नोकरीत लागलेली सवय अद्याप सुटली नसल्यामुळे आज रविवारपर्यंत थांबलो. थांबून फारसा उपयोग झाला असे वाटत नाही. 'मी खाली सही करणार, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देते की, यापुढे मी स्वतःस कोणत्याही प्रकारची इजा करणार नाही, आणि तसे घडल्यास वसतिगृहातील माझा प्रवेश रद्द करण्यास माझी व माझ्या पालकांची हरकत राहणार नाही.' ज्या मुलीच्या डोळ्याला आदल्या रात्रभर डोळा लागलेला नाही, जिच्या हातावरचा उपचार आटोपतो न आटोपतो, तिच्यापुढे सकाळी साडेदहाच्या ठोक्याला मुद्रांकाचा कागद सरकवायचा, तिच्याच वर्गातल्या दोघींना साक्षीदार म्हणून उभे करायचे आणि वर तिच्याच हस्ताक्षरात स्वखुशी वदवून घ्यायची, हा उद्योग ज्यांना सुचला त्यांच्या चातुर्याला काय म्हणावे? आणि कोथरूडच्या काकांनी 'स्थानिक पालक' या नात्याने त्याखाली सही ठोकली, याचे मला नवल वाटत नाही. त्यांनी आजवर कोणताही कागद वाचून सही केलेली नाही; थोरलीच्या लग्नाच्या वेळी मांडववाल्याचा करारनामा आठव.

पण कायद्याकडे मागाहून वळतो. तू शेवटच्या दोन ओळींत, जणू खोलीभाड्याची पावती मागावी तितक्या कोरडेपणाने, विचारले आहेस की पाच महिन्यांनंतर ती हमी मोडली, तर आता माझ्यावर काय कारवाई होऊ शकते, आणि दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे का. दोन्हींची उत्तरे देईन. त्याआधी मला हे कळले पाहिजे की जखम डॉक्टरांना पुन्हा दाखवलीस की रुमाल गुंडाळून वर्गात गेलीस. रात्री झोप येते की नाही. मेसचे जेवण दोन्ही वेळा जाते की नाही. आणि आणखी एक गोष्ट सरळ विचारतो, कारण असे विचारल्याने नसलेली कल्पना कोणाच्या डोक्यात शिरत नाही, हे आता जाणकारांनी तपासून सांगितलेले आहे. जीव नकोसा वाटतो का? तू लिहिलेस, 'मामा, मला मरायचं नव्हतं, आतला गोंगाट थांबवायचा होता.' मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. स्वतःला इजा करणाऱ्या पुष्कळांची हीच अवस्था असते, हे मला आता कळले आहे. असह्य झालेली भावना क्षणभर ओसरते, मग लाज येते, लाजेने माणूस आणखी एकटा पडतो आणि त्या एकटेपणात तीच भावना दुप्पट होऊन परतते. परंतु जो हात एकदा स्वतःवर उठतो त्याच्या बाबतीत पुढचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, हेही तितकेच खरे आहे, आणि म्हणून माझ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, किंवा 'कधी कधी' असेल, तर हे पत्र इथेच मिटव, खोलीतल्या मुलीला जागे कर आणि १४४१६ हा मदतीचा क्रमांक फिरव. बाकीचा मजकूर कुठे पळून जात नाही.

आता कायदा. मी वकील नव्हे, पण वकिलांनी टाकून दिलेले कागद उचलण्यात माझे आयुष्य गेले. तुझ्या महाविद्यालयात कोणी विचारलेच तर १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे सोळावे कलम उघडून दाखव. वय, आजार अथवा मानसिक किंवा शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची बुद्धी तात्पुरती का होईना बाधित झाली आहे, अशा माणसाशी करार करणाऱ्याची गणना त्या माणसाच्या इच्छेवर हुकमत चालवू शकणाऱ्यांत होते. आणि अशा हुकमतीचा गैरफायदा घेऊन मिळवलेला करार, ज्याच्याकडून तो घेतला त्याच्या मर्जीनुसार रद्द होण्यास पात्र असतो. इंग्रजांच्या अमदानीत, रुग्णाला बेड्या घालण्याच्या काळात, ज्यांनी हे कलम लिहिले त्यांना क्लेशात असलेल्या माणसाची सही किती पोकळ असते हे ठाऊक होते, आणि तुझ्या रेक्टरबाईंना ते आज ठाऊक नसावे! तुझा प्रवेश रद्द करण्याची भाषा कोणी केलीच, तर तू त्या खोलीत एकटी जायचे नाहीस. मी येईन, आणि येताना चष्मा घेऊन येईन, म्हणजे कागद वाचता येतील.

तरी त्या बाईंचा मी सर्वस्वी दोष मानीत नाही. त्यांच्या मनात जी धास्ती आहे ती दीडशे वर्षांची आहे. १८६० च्या दंडसंहितेतले तीनशे नववे कलम आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार मानीत असे आणि त्याला एक वर्षापर्यंत साध्या कैदेची तरतूद करीत असे. एका तालुक्याच्या गावी नोकरीस असताना रुग्णालयातून थेट पिंजऱ्यात आणून उभी केलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे पाहणे मला जमत नसे, म्हणून मी पुकाऱ्याच्या वेळी उगाच दप्तर चाळीत बसे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले, १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले, आणि दोनच वर्षांनी मोठ्या पीठाने तो निर्णय फिरवला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या एकशे पंधराव्या कलमाने असे गृहीत धरण्यास सांगितले की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता. त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट त्याची शुश्रूषा, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्यायसंहिता लागू झाली तीत ते जुने कलम उरलेलेच नाही. फक्त सरकारी नोकराला त्याच्या कर्तव्यात अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दडपण आणण्यासाठी असा प्रयत्न करणाऱ्यापुरती एक निराळी तरतूद आहे. तुझी गोष्ट तर याही कक्षेत येत नाही. तरी पोलीस, पंचनामा आणि वर्तमानपत्र या त्रयीचे भय संस्थांच्या हाडात मुरलेले आहे, आणि ज्या जबाबदारीचे भय वाटते ती कागदावर दुसऱ्याच्या नावे करून टाकण्याची युक्ती आपल्या देशात फार जुनी आहे.

इथे माझ्या आवडीचा विषय आला, तेव्हा तुला थोडे सोसावे लागेल. माझे ठाम मत असे झालेले आहे की हमीपत्र हा आपला राष्ट्रीय रोग आहे. मूल बालवाडीत घाला, हमीपत्र. सहलीला पाठवा, वाटेत काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार नाही, हमीपत्र. शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस आडवा, त्याच्या बायकोच्या थरथरत्या हातात हमीपत्र. काही हमीपत्रांना अर्थ आहे. रॅगिंगविरुद्ध विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून जे घेतले जाते त्याला माझा विरोध नाही, कारण रॅगिंग न करणे हे त्या मुलाच्या पूर्णपणे हाती असते. परंतु ज्या गोष्टीवर माणसाचा ताबा सुटला आहे म्हणूनच तो आजारी आहे, नेमक्या त्याच गोष्टीच्या ताब्याची हमी त्याच्याकडून लिहून घेणे म्हणजे ताप आलेल्याकडून तापमान न वाढण्याची हमी घेण्याजोगे आहे. त्यातही अन्याय असा की, हमी देणारी तू, हमी मोडल्यास शिक्षा तुला, आणि ज्यांनी ती घेतली त्यांनी काय करायचे याची एक ओळही त्या कागदावर नाही! समुपदेशक कोण, केव्हा भेटणार, रात्री अकरानंतर कोणाचे दार वाजवायचे, परीक्षेच्या काळात सवलत कोणाकडे मागायची, काही नाही. तो एकतर्फी दस्त आहे. मी असा दस्त नोंदणीला आलेला पाहिला असता तर आलेल्या माणसाला परत घरी पाठवून विचार करून यायला सांगितले असते, माझे ते काम नसतानाही.

या बाबतीत शास्त्र माझ्या बाजूला आहे, हे कळल्यापासून तर मी गल्लीत जरा ताठ मानेने चालतो. शेजारच्या वकिलांची सून मनोविकारतज्ज्ञ आहे. तिला, तुझे नाव, गाव किंवा नाते यांचा उच्चार न करता, सहज विचारावे तसे विचारले. (तिने सहज विचारले असे मानले नाही, पण खोदूनही विचारले नाही, मुलगी चांगली आहे.) ती म्हणाली, अमेरिकेत १९७० च्या दशकापासून डॉक्टर रुग्णांकडून 'मी स्वतःला काही करणार नाही' असे करार घेत, त्यांनी डॉक्टरांचे समाधान होई, पण रुग्ण वाचतात असा पुरावा काही मिळाला नाही. उलट रुग्ण वचन मोडल्याच्या भयाने खरे बोलणे सोडून देतात. तू पाच महिने कोणाशी बोलली नाहीस त्याचे कारण मला तिथे सापडले. पुढे बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांनी वचनाच्या जागी एक योजना लिहून काढण्याची पद्धत बसवली, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तातडीच्या विभागात आलेल्या ज्या रुग्णांना अशी योजना करून दिली आणि नंतर दूरध्वनीवरून त्यांची विचारपूस चालू ठेवली, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाताच्या प्रयत्नासारखे वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. विचारपूस चालू ठेवली, हे शब्द कृपा करून वाचायचे राहू देऊ नकोस.

तेव्हा त्या मुद्रांकाच्या नकलेच्या पाठकोऱ्या बाजूवर, तुझ्या स्वतःच्या मराठीत, ही योजना लिही, आणि ती समुपदेशकबाईंसमोर बसून पुरी कर. एकटीने बसून तडीस न्यायचे हे काम नव्हे. वादळ येण्याआधी काय काय घडते ते प्रथम लिहायचे. तुझ्याच पत्रावरून मला दिसते की तू मेसला जायचे टाळतेस, थोरलीचा फोन आला की 'नंतर करते' म्हणतेस आणि अकरा वाजून गेले की एम-थ्री या गणिताच्या विषयाची वही उघडून एकाच पानाकडे पाहत बसतेस. हे तिघे भालदार-चोपदार आले की स्वारी मागोमाग आहे, हे ओळखायला शीक. मग एकटीने करण्याजोगे काय, ते लिही. वकिलांची सून सांगते की अगदी थंड पाणी तोंडावर मारणे, जिना भराभर चढून उतरणे, श्वास सावकाश आणि लांब सोडणे, यांनी शरीराची उसळी उतरते, आणि शरीराची उतरली की मनाचीही लाट ओसरू लागते. ती कायमची त्या उंचीवर राहत नाही, एवढे लक्षात ठेवून पुढची पंधरा मिनिटे, मग आणखी पंधरा मिनिटे, असे ढकलायचे. त्याखाली अशा जागा आणि माणसे लिही की जिथे या विषयावर बोलावे लागणार नाही पण माणसांत बसता येईल. आणि त्याखाली अशी माणसे, ज्यांना 'आज बरं नाही' एवढे तीनच शब्द पुरतील. मग डॉक्टर, समुपदेशक आणि तो १४४१६. शेवटी, ज्या वस्तू हाताशी असल्याने घात होतो त्या खोलीत राहणार नाहीत आणि कोणाच्या ताब्यात राहतील, हे लिही. ही लाजण्याची बाब नव्हे. चांगल्या चांगल्या सावकारांच्या घरी तिजोरीची किल्ली मुनिमाकडे असते.

एम-थ्री राहिला म्हणून हे झाले, असे तुझ्या काकूने ठरवून टाकले आहे, हे मला ठाऊक आहे. विषय राहणाऱ्या मुली वर्गात अर्धा डझन आहेत. त्यांच्या वाट्याला हे आले नाही. एकच कारण शोधून त्याच्यावर आरोपपत्र दाखल करण्याची लोकांना घाई असते. तू ती घाई करू नकोस. आणि 'लक्ष वेधून घेण्यासाठी नाटकं' असे जे कोणी म्हणाले, त्यांना एवढेच विचार की पुण्याच्या वैशाखात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून फिरणारी मुलगी कोणाचे लक्ष वेधीत होती?

आता तुझा दुसरा प्रश्न, शून्याचा. याचे उत्तर द्यायला माझ्याइतका लायक माणूस तुला सापडणार नाही, कारण मी आयुष्यभर रोजकीर्द लिहिली. महिन्याच्या अखेरीस एखादा मोठा खर्च पडला म्हणून कोणताही शहाणा कारकून वही फाडून शून्यापासून लिहीत नाही. खर्च खर्चाच्या बाजूला पडतो आणि उरलेली शिल्लक पुढल्या पानावर ओढली जाते. पाच महिने तू जमा केलेस. त्या काळात जे शिकलीस, ज्या रात्री निभावून नेल्यास, ते सगळे जमेच्या बाजूला आहे आणि एका रात्रीच्या खर्चाने ते नाहीसे होत नाही. सून म्हणते की या वाटेवर पुन्हा घसरण होणे हे नेहमीचेच आहे, आणि त्या वेळी विचारायचे ते एवढेच की या वेळी आधी काय घडले होते आणि मदतीचा हात कुठे तुटला. मोजणीनेच जर तुला भय वाटत असेल तर मोजणी सोड. कॅलेंडरवर रोज फुली मारणाऱ्या माणसाचे डोळे कॅलेंडरवरच राहतात.

बरे होते का, असे तू विचारलेले नाहीस, पण सगळ्या पत्रात तो प्रश्न दबा धरून बसलेला आहे. म्हणून मार्शा लिनहान या बाईंची हकीकत सांगतो. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या एका मनोरुग्णालयात दाखल केले गेले आणि त्या तिथे दोन वर्षांहून अधिक काळ होत्या; स्वतःला सतत इजा करणारी, रुग्णालयातल्या अत्यंत कठीण रुग्णांपैकी एक, अशी त्यांची ख्याती होती. पुढे त्या नोकरी करीत रात्रीच्या वर्गांत शिकल्या, मानसशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, आणि ज्या रुग्णांना घेण्यास इतर उपचारक कचरत त्यांच्यासाठीच त्यांनी एक उपचारपद्धती उभी केली. मनाला आहे तसे स्वीकारणे आणि त्याच वेळी ते बदलायला शिकणे, या वरकरणी विरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टींची तीत सांगड आहे, आणि स्वतःला इजा करण्याचे प्रमाण तिने घटते, हे १९९१ साली त्यांनी तुलना करून दाखवले. आज जगभर ती शिकवली जाते. थंड पाण्याची ती युक्तीही त्यांच्याच पोतडीतली. आपलीच ही पूर्वकथा त्यांनी २०११ साली, त्याच रुग्णालयात परत जाऊन, भर सभेत सांगितली. इतकी वर्षे का लपवली, असे मी विचारणार नाही. कोणाला, केव्हा, किती सांगायचे हा ज्याच्या त्याच्या अखत्यारीतला प्रश्न आहे, आणि तुझाही.

तुझ्या आईचा विषय म्हणूनच मी तुझ्यावर सोपवतो, मन मारून सोपवतो. तू सज्ञान आहेस, आणि २०१७ च्या त्याच कायद्याने मानसिक आरोग्याच्या बाबतीत गुप्ततेचा हक्क तुला दिलेला आहे. जिवाला धोका असण्यासारख्या काही ठरावीक प्रसंगीच उपचार करणाऱ्याला मौन सोडता येते, आणि जिवाच्या धोक्याची ती अट माझ्या मौनालाही लागू आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून मामाने दगा दिला असे होणार नाही. पण माझे मत विचारशील तर सांगावे. तुझी आई आधी रडेल, मग आपले काय चुकले ते रात्रभर शोधील, मग औदुंबराला नवस बोलेल आणि चौथ्या दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन तुझ्या वसतिगृहाच्या दारात उभी राहील. यातले पहिले तीन दिवस तुला सोसणार नाहीत, म्हणून ते माझ्या घरी होऊ देत. डबा तेवढा तुझ्याकडे येईल अशी व्यवस्था मी करीन. तू नुसते 'हो' कळव.

तुझ्या पत्रातल्या त्या परभणीच्या मुलीविषयी मात्र मला तुझ्याइतकीच काळजी वाटते. रात्री तिने आरडाओरडा केला नाही, उपदेश केला नाही, जिन्यावर तुझ्याशेजारी बसून राहिली आणि सकाळी तुला दवाखान्यात नेले. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला हे कोणी शिकवले? परंतु तू तिच्याकडून 'कोणाला सांगणार नाहीस' अशी शपथ घेतलीस, हे मला अजिबात आवडलेले नाही. तुझ्या रेक्टरबाईंनी तुझ्याकडून जे घेतले, त्याचीच ही तोंडी आवृत्ती झाली. तिला परीक्षा आहे, तिलाही झोप हवी, आणि तिच्या एकटीच्या खांद्यावर तुझा जीव ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे. आजच्या आज तिला त्या शपथेतून मोकळी कर.

मुलांवर नजर ठेवणे हे एका मुलीचे काम नव्हे, संस्थेचे. आमचे दादा इथल्या कर्मवीरांच्या बोर्डिंगात काही काळ होते. त्याच्या आधी ते वारावर जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, आणि त्या पद्धतीत जातीची आणि मिंधेपणाची जी घाण होती ती त्यांच्याकडून मी पोटभर ऐकलेली आहे, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसत, स्वतः स्वयंपाक करीत. आणि पैसे संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी दागिन्यांबरोबर मंगळसूत्रही मोडले, ही सातारकरांना पाठ असलेली हकीकत दादांना शेवटपर्यंत कोरड्या डोळ्यांनी सांगता आली नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, परगावी शिकणाऱ्या पोराचा चेहरा रोज कोणीतरी पाहत होते. जेवायला कोण आले नाही हे पंक्तीत कळत असे. तुमच्या मेसमध्ये कार्ड टेकवले की यंत्र चीं करते, आणि टेकवले नाही तर कोणाला पत्ताही लागत नाही. फी मात्र दरसाल वाढते! असो, हा विषय निघाला की मला थांबता येत नाही.

तेव्हा महाविद्यालयाला तू द्यायचा कागद हमीपत्राचा नव्हे, अर्जाचा आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांना जे निर्देश दिले त्यांत असे आहे की, जिथे शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी आहेत तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे. अध्यापक आणि इतर कर्मचारी या सर्वांना वर्षातून किमान दोनदा या विषयाचे प्रशिक्षण दिले पाहिजे. आणि साहाय्याचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहात, वर्गांत ठळक अक्षरांत लावले पाहिजेत. तुमच्या भिंतीवर काय लावले आहे? तू लिहितेस, 'रात्री साडेनऊनंतर प्रवेश नाही.' समुपदेशकबाई आठवड्यातून दोनच दिवस, तेही ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर, बाहेर रांगेत उभे राहिले की सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी बसतात. ही त्यांची चूक नाही. अर्जात तुझ्या आजाराचा एक शब्दही येता कामा नये. पाच-सात मुलींनी मिळून, विद्यार्थिनी म्हणून, प्राचार्यांच्या नावे करा. मसुदा मी सोबत जोडला आहे, आणि त्यात एकही शब्द नरमाईने बदलू नका.

उपचारासाठी नुसत्या समुपदेशनावर भागवू नकोस. एकदा मनोविकारतज्ज्ञालाही दाखव, औषध लागेल की नाही ते त्याला ठरवू दे. पैशांची अडचण असेल तर ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. आणि १४४१६ या क्रमांकाविषयी तुला शंका होती की तिकडे कोणी उचलते का, मराठीत बोलते का. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि अहोरात्र चालू असते. तरी सरकारी म्हटल्यावर मलाही राहवेना, म्हणून शुक्रवारी रात्री चौकशीपुरता तो क्रमांक फिरवला. पलीकडे मराठी बोलणारी एक मुलगी होती. मी भाचीसाठी विचारतो आहे म्हणालो. तिने सगळे नीट सांगितले, आणि मग विचारले, 'आणि काका, तुम्ही कसे आहात?' तुझी मामी गेल्यापासून हा प्रश्न मला असा कोणी विचारला नव्हता. बराच वेळ बोललो. तुला ते कशाविषयी, हे सांगायला नको.

अर्ज दोन प्रतींत नेऊन द्या, आवक क्रमांक घालून घ्या, आणि पोच मिळाल्यावाचून खिडकी सोडू नका. कारकून उद्या या म्हणाला तर तिथेच बसून राहा.

तुझा
मामा

ता. क. — मनोविकारतज्ज्ञाची वेळ घेतलीस की वार कळव. मी येईन, बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसेन, आत येणार नाही आणि काय बोललीस तेही विचारणार नाही. स्वारगेटची गाडी इथून पहाटेपासून मिळते.